मर्सिडीजचा तारा : ट्रकवरचा आणि गाडीवरचा

(साकीनाका येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पावसात, त्यातही अंधेरी-कुर्ला रोडच्या ट्रॅफिकमधून तुम्ही एवढे जण आलात, याबद्दल आधी आभार. आयोजकांनी विषय दिला तेव्हा मी म्हटलं, अहो, साकीनाक्याला मर्सिडीजवर व्याख्यान? ऐकायला कोण येणार, मर्सिडीजवाले तर खालून काचा बंद करून निघून जातात. (हशा) पण मग लक्षात आलं की इथेच बोलायला हवं. कारण त्या बंद काचांच्या गाडीला ठोकर बसली, की ती कधी ना कधी आपल्याच एखाद्या गल्लीत डेंटिंग-पेंटिंगला येते. तिचं पोट उघडून बघणारे हात इथे बसले आहेत.

मी स्वतः खैरानी रोडच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून सुरुवात केली, पुढे बरीच वर्षं मुलांना यंत्रकाम शिकवलं. त्यामुळे आज गाडीची जाहिरात करणार नाही. ही कंपनी कशी उभी राहिली, तिचं एवढं आकर्षण का, आणि त्या आकर्षणातलं खरं किती, एवढंच बघूया.

सुरुवात माझ्या मामांपासून करतो. मामा मुंबई-नाशिक ट्रक चालवायचे. साठचं दशक. कसाऱ्याचा घाट चढताना मी शेजारी बसलेलो. त्या ट्रकच्या नाकावर वर्तुळात तीन टोकांचा तारा होता. मी विचारलं, "मामा, हे काय?" ते म्हणाले, "ही टाटा-मर्सिडीज. घाटात दम सोडत नाही." म्हणजे माझ्या पिढीला मर्सिडीज हा शब्द पहिल्यांदा कळला तो सिमेंटच्या गोणी वाहणाऱ्या ट्रकमुळे. श्रीमंती वगैरे काही नाही. तारा म्हणजे घाट चढणारी गाडी.

हे कसं झालं ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

जर्मनीत दोन माणसं. मानहाइम गावात कार्ल बेंझ, आणि तिथून साधारण शंभर किलोमीटरवर, स्टुटगार्टजवळच्या कानश्टाटमध्ये गोटलीब डाइमलर, त्याच्या जोडीला विल्हेल्म माइबाख. दोघांचं काम एकाच काळात चाललेलं, स्वतंत्रपणे. २९ जानेवारी १८८६ ला बेंझनं आपल्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ती गाडी कशी होती? तीन चाकं. मागे एक सिलिंडरचं इंजिन. ताकद पाऊण अश्वशक्ती. पुढे एकच चाक, दांड्यानं वळवायचं. आता तुम्हीच सांगा, हे वर्णन कशाचं? (श्रोत्यांतून : "रिक्षा!") बरोबर. जगातल्या पहिल्या मोटारींपैकी ही एक, आणि आपल्या रिक्षाची पणजी शोभावी अशी. इथे रिक्षावाले कुणी असतील तर मर्सिडीजशी तुमचं नातं जुनं आहे, हे ध्यानात ठेवा.

गाडी झाली, पण घेणार कोण? लोकांना ते एक विचित्र खेळणं वाटलं. इथे येते बेर्टा बेंझ, कार्लची बायको. धंद्यात पैसा हिचाच घातलेला होता. लग्नाआधीच तिनं आपल्या वाट्याची रक्कम मागून घेऊन कार्लच्या वर्कशॉपला तारलं होतं. ऑगस्ट १८८८ मध्ये, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन तिनं गाडी बाहेर काढली आणि माहेरी, फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे. पेट्रोल पंप हा प्रकारच नाही. वीसलोख गावात एका औषधाच्या दुकानातून तिनं लिग्रोइन घेतलं. हे तेव्हा कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचे. इंधनाची नळी तुंबली, तर टोपीची पिन घालून साफ केली. चढावर गाडी चढेना, मुलांनी ढकलली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर एका मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण हा प्रवास कमी आणि टेस्टिंग जास्त आहे. परत आल्यावर तिनं तक्रारी सांगितल्या आणि त्यातून चढासाठी आणखी एक गिअर आला. ब्रेकवर चामडं ठोकणं म्हणजे आजच्या ब्रेक लायनिंगचंच आदिरूप. पहिला लांबचा प्रवास, पहिली रस्त्यावरची दुरुस्ती, पहिली सुधारणा, सगळं एका बाईनं माहेरी जाताना केलं. आणि नाव कुणाचं लागलं? ते तुम्हाला माहीतच आहे.

नावाचंही तसंच आहे. मर्सिडीज हे कुठल्या इंजिनिअरचं नाव नव्हे. एमिल येलिनेक नावाचा एक श्रीमंत व्यापारी फ्रान्समधल्या नीस शहरात राहायचा. डाइमलरच्या गाड्या घ्यायचा, विकायचा, शर्यतीत उतरवायचा आणि कंपनीला सतत टोचून बोलायचा : गाडी अजून वेगवान हवी, अजून ठेंगणी हवी. त्याच्या मुलीचं नाव मर्सेडीज. १९०० साली त्यानं साडेपाच लाख मार्कांना ३६ गाड्यांची ऑर्डर दिली. नव्या इंजिनाला मुलीचं नाव लागलं. माइबाखनं केलेली ती ३५ अश्वशक्तीची गाडी १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत उतरली आणि बाकीच्या गाड्या एकदम जुन्या दिसायला लागल्या. तोवरच्या मोटारी म्हणजे घोडा काढलेली बग्गी. ही लांब, जमिनीलगत, इंजिन पुढे. १९०२ मध्ये नाव नोंदवलं गेलं. म्हणजे नाव गिऱ्हाइकानं दिलंय, तेही वर्कशॉपच्या डोक्यावर बसणाऱ्या गिऱ्हाइकानं. असं गिऱ्हाईक आपल्याकडे आलं की आपण काय म्हणतो ते इथे सांगत नाही. (हशा)

तारा १९०९ मध्ये नोंदवला गेला. तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश, तिन्हीकडे आमची इंजिनं चालतील, असा अर्थ. पुढे पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत महागाईनं कंबरडं मोडलं आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन्ही कंपन्या १९२६ मध्ये एक झाल्या. डाइमलर-बेंझ कंपनी, गाडीचं नाव मर्सिडीज-बेंझ.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. जाहिरातीत ती येत नाही म्हणून इथे यायला हवी. हिटलरच्या काळात ही कंपनी युद्धसामग्रीचा मोठा कारखाना झाली. १९४४ मध्ये कंपनीकडे ६३,६१० माणसं कामाला होती. त्यातली जवळपास निम्मी वेठीला धरून आणलेली होती : व्यापलेल्या देशांतले नागरिक, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. कंपनीनं पुढे स्वतःच इतिहासकारांकडून हे तपासून घेतलं, जाहीर केलं आणि १९८८ मध्ये २ कोटी मार्क दिले. उशिरा केलं, पण कबूल केलं. ‘जर्मन इंजिनिअरिंग’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट घातलेला इंजिनिअर येतो. त्या वर्षांत लेथवर उभा कोण होता, हेही आठवावं. मी लेथवर उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून मला ते जास्त लागतं.

आता आपल्याकडे येऊ. १९५४. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, तेव्हा जमशेदपूरला रेल्वे इंजिनं करत होती. तिनं डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला, ट्रक बनवण्यासाठी. सुरुवातीला भाग जर्मनीहून, मग हळूहळू एकेक भाग इथे. या कामाचे सूत्रधार सुमंत मुळगावकर, आपले मुंबईचे. लंडनला इंजिनिअरिंग शिकलेले, आधी सिमेंट उद्योगात काम केलेले. १९६९ ला करार संपला आणि ट्रकच्या नाकावरचा तारा गेला. पण ट्रक थांबले नाहीत, कारण तोवर ते करायचं कसं हे इथल्या हातांना आलेलं होतं. मुळगावकरांनीच पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडचा कारखाना उभा केला आणि तिथे गाड्या काढायची घाई न करता आधी हत्यारं, साचे आणि शिकाऊ मुलं यांच्यावर भर दिला. तारा लोकांना दिसतो, टूलरूम दिसत नाही. माझ्या मते त्या करारातून महाराष्ट्राला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ती टूलरूम आहे. पुण्याच्या पट्ट्यात आज एवढे वाहन कारखाने का, याचं बरंचसं उत्तर तिथे आहे. मुळगावकरांच्या नावाची पहिली अक्षरं घेऊन ‘सुमो’ आली १९९४ ला.

आणि नेमक्या त्याच १९९४ मध्ये मर्सिडीजनं भारतात मोटारीसाठी कंपनी काढली. कुठे? पुण्यात. १९९५ पासून टेल्कोच्याच आवारात ई-क्लासची जोडणी सुरू झाली. पण त्याच वर्षी जर्मनीत ई-क्लासचं पुढचं मॉडेल आलं होतं. म्हणजे तिकडे जे जुनं झालं ते इकडे नवं म्हणून. आपल्या लोकांना परवडत नसेल, पण कळतं सगळं. पुढे कंपनीला हा धडा मिळाला, मॉडेलं लवकर येऊ लागली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना झाला.

तर बघा, अर्थ कसा फिरला. पंचवीस वर्षं मध्ये गेली आणि घाट चढणारा तारा हा ‘पोचलेल्या माणसाचा’ तारा झाला. तारा तोच. गंमत अशी की जर्मनीत जा, स्टेशनबाहेर टॅक्सीच्या रांगेत पिवळट पांढऱ्या रंगाच्या मर्सिडीज उभ्या. तिकडे ती टॅक्सीवाल्याची लाडकी, कारण डिझेल इंजिन लाखो किलोमीटर चालतं. डिझेलवरची मोटार त्यांनी १९३६ पासूनच विकायला काढली होती. आपल्याकडे मात्र पूर्ण जोडून आलेल्या महाग गाडीवर बरीच वर्षं किमतीइतकं आयात शुल्क होतं, इथे जोडलेल्या मोठ्या गाडीवरही आज ४० टक्के जीएसटी आहे. त्यामुळे इथे तिच्या दिमाखात थोडा वाटा जर्मन इंजिनिअरचा आणि बराच आपल्या कर खात्याचा आहे. (हशा)

पण नुसता दिमाख म्हणून हसून सोडू नका. आता मुद्द्याचं सांगतो, आणि हे खास डेंटिंगवाल्या दोस्तांसाठी.

आपल्याकडे एक समज आहे : ठोकर बसली आणि गाडीचं नाक पार चेपलं, म्हणजे पत्रा हलका. जुनी गाडी बघा, म्हणतात, ठोकली तरी काही होत नव्हतं. गाडीला होत नव्हतं हो, आतल्या माणसाला होत होतं. बेला बारेनी नावाचा एक इंजिनिअर डाइमलर-बेंझमध्ये होता. त्यानं १९५१ मध्ये पेटंट मागितलं ते असं : गाडीचा मधला भाग, जिथे माणसं बसतात, तो खूप मजबूत करा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपेल असा करा. ठोकरीचा जोर चेपण्यात खर्च होतो. खाली उतरताना गुडघे ताठ ठेवून उडी मारली तर काय होतं? गुडघे वाकवले तर? तेच हे. १९५९ मध्ये अशी गाडी बाजारात आली. आज जगातली जवळजवळ प्रत्येक मोटार याच विचारानं बांधतात, तुमची छोटी मारुतीसुद्धा.

दुसरं, एबीएस. पावसात जोरात ब्रेक मारला की चाक जाम होतं, गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही. जुने ड्रायव्हर पायानं ब्रेक ‘पंप’ करायचे, मामाही करायचे. एबीएस तेच करतं, फक्त सेकंदात अनेकदा. प्रत्येक चाकाचा वेग मोजायचा, चाक जाम होतंय असं दिसलं की दाब सोडायचा, पुन्हा द्यायचा. बॉश कंपनीबरोबर तयार केलेली ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. १९८१ मध्ये एअरबॅग आली.

आता भारतातली तारीख बघा. सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून. म्हणजे चाळीस वर्षं. जी गोष्ट स्टुटगार्टच्या श्रीमंताला १९७८ मध्ये पैसे देऊन मिळत होती, ती साकीनाक्याच्या टॅक्सीवाल्याला हक्कानं मिळायला चाळीस वर्षं लागली. महाग गाडीचा जगाला उपयोग काय, याचं एक उत्तर यात आहे : नवी गोष्ट आधी तिथे येते, पैसेवाला तिचा खर्च उचलतो, मग ती खाली झिरपते. पण झिरपायला इतका वेळ का लागावा? त्याला कंपन्या जबाबदार, सरकार जबाबदार आणि शोरूममध्ये ‘एअरबॅग नको, म्युझिक सिस्टिम द्या’ म्हणणारे आपणही जबाबदार.

आकर्षणाची एक मोठी गोष्ट सांगायची राहिली. २०१०, तेव्हाचं औरंगाबाद. तिथल्या व्यापारी-उद्योजक मंडळींनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज एकदम घेतल्या. ६५ कोटींच्या आसपासचा सौदा. आमचंही शहर आहे, गुंतवणूकवाल्यांनो इकडे बघा, हे सांगायचं होतं. त्या मंडळींची हौस मला समजते. मुंबई-पुण्याच्या लोकांनी कायम दुय्यम मानलेल्या शहरानं एका दिवसात देशभर बातमी केली. पण यातलं ४० कोटींच्या वर कर्ज स्टेट बँकेचं होतं, ७ टक्के व्याजानं. पी. साईनाथ यांनी लगेच लिहिलं की याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जाला याहून खूप जास्त दर पडतो. बँकेचा हिशोब सरळ असतो, ज्याच्याकडे आहे त्याला स्वस्त. एकाच जिल्ह्यात, एकाच बँकेच्या दारात, ताऱ्याला ७ टक्के आणि नांगराला जास्त. यावर मी आणखी बोलत नाही, तुम्ही घरी जाऊन बोला.

आणि एक बोलणार आहे, थोडं जपून. ४ सप्टेंबर २०२२. पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज कठड्याला धडकली. सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. दोघे मागच्या सीटवर होते. दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. बारेनीचं सगळं गणित असं धरून चालतं की माणूस सीटला बांधलेला आहे. बांधलेला नसेल तर गाडी थांबते, माणूस थांबत नाही. आपल्याकडे मालक मागे बसतो, म्हणून कंपनीनं २०१७ पासून इथे मागे पाय पसरायला जास्त जागा असलेली लांब ई-क्लास विकायला आणली. जागा वाढली, पट्टा लावायची सवय मात्र वाढली नाही. ओला-उबर चालवणाऱ्यांनो, मागच्या माणसाला पट्टा लावायला सांगताना लाजू नका.

वेळ संपत आली. चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन घेतो.

पहिली : "दहा-बारा वर्षांची मर्सिडीज आज नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते. घ्यावी का?" दादा, गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. ते मर्सिडीजच्याच भावात येतात. हे आधी पक्कं करा. घ्यायचीच असेल तर इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का बघा. लागतच नसेल तर कुणीतरी तो काढलाय आणि बहुधा एअरबॅग उडालेली आहे, वर नुसतं झाकण बसवलंय. मग गाडी लिफ्टवर घ्या आणि पुढच्या चासीच्या दांड्या बघा. वेल्डिंग दिसलं, ओढून सरळ केल्याच्या खुणा दिसल्या, तर सोडून द्या. ज्या ठिकाणी तिनं चेपायला हवं तिथे ती आता चेपणार नाही, किंवा भलतीकडेच चेपेल. वरचा रंग कितीही चकचकीत असू दे. आणि आमच्या गल्लीतल्या मित्रांनो, अशी दांडी सरळ करून ‘नॉन-ॲक्सिडेंट’ म्हणून सांगू नका. तुमच्या हाताला कसब आहे म्हणूनच ते लपतं.

दुसरी चिठ्ठी : "सर, तुम्ही कधी मर्सिडीजमध्ये बसलात का?" (हशा)

बसलो ना. कसाऱ्याच्या घाटात, सिमेंटच्या गोणी पाठीशी घेऊन. ब्रेकला मामांचा पाय होता, एबीएस नव्हतं. त्यानंतर एकदा शिकवलेल्या मुलानं त्याच्या शेठजींच्या गाडीतून घरी सोडलं होतं. दार लावल्यावर बाहेरचा साकीनाका ऐकूच येईना, ते मात्र जरा विचित्र वाटलं. चला, पाऊस थांबलेला दिसतोय, मेट्रोला गर्दी व्हायच्या आत निघा.